सूर्य उगवायच्या आत: ‘हूट आऊल हूट’ आणि माझा बालवर्ग

नाशिकला सातपूर भागात घराच्याच पुढच्या खोलीत मी बालवर्ग चालवते. १४ मुलं आहेत, साडेतीन ते सहा वर्षांची. बहुतेकांचे आईवडील एमआयडीसीत कामाला, त्यामुळे कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या अहिराणी, कुणाच्या हिंदी. गेल्या दिवाळीत नणंद अमेरिकेहून आली तेव्हा तिने या मुलांसाठी ‘हूट आऊल हूट’ नावाचा खेळ आणला. सुट्टी संपल्यापासून एप्रिलपर्यंत आठवड्यातून तीनदा तरी आम्ही तो मांडला. चार-पाच वर्षांचं मूल घरात किंवा वर्गात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खेळ सांगते. पटाच्या मधोमध घरटं आणि तिथवर जाणारी रंगीत घरांची वळणावळणाची वाट. वाटेच्या सुरुवातीला पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, पिल्लं बसतात, सोप्या डावात ३, कठीण डावात ६. सूर्याची पट्टी वेगळी. पत्ते एकूण ५०: सहा रंगांचे ३६ आणि सूर्याचे १४. प्रत्येकाला ३ पत्ते मिळतात आणि ते सगळ्यांना दिसतील असे उघडे ठेवायचे. आपली पाळी आली की रंगाचा एक पत्ता टाकायचा आणि कुठलंही एक पिल्लू त्या रंगाच्या पुढच्या घरावर न्यायचं. तिथे आधीच दुसरं पिल्लू बसलेलं असेल तर त्याच्यावरून उडून त्याच रंगाच्या त्यापुढच्या घरावर जायचं. पत्त्यांत सूर्य असला की मात्र निवड नाही, तोच टाकायचा आणि सूर्य एक घर पुढे सरकवायचा. सूर्य टोकाला पोहोचायच्या आत सगळी पिल्लं घरट्यात आली तर सगळे जिंकले. एक जरी बाहेर राहिलं तर सगळे हरले. खोक्यावर वय ४ च्या पुढे आणि खेळणारे २ ते ४ असं दिलंय. आमचा डाव पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो.

हा खेळ सुझन मॅकिन्ली रॉस यांनी रचला आहे. त्यांच्याच ‘क्वर्कल’ या खेळाला २०११ साली जर्मनीत वर्षाचा सर्वोत्तम खेळ हा मान मिळाला होता. त्यातही सहाच रंग आहेत. थोडक्या सामानात मुलाला विचार करायला कसं लावायचं, हे या बाईंना नेमकं कळलंय.

पत्ते म्हटलं की आपल्याला भिकार-सावकार, गुलामचोर, झब्बू आठवतात. मेच्या सुट्टीत आजोळी याच पत्त्यांवर मी वाढले आणि मला ते प्रिय आहेत. पण चार वर्षांच्या मुलासमोर ते मांडले की काय होतं, ते मी बावीस वर्षं पाहते आहे. ज्याच्यावर झब्बू येतो ते मूल पुढचा अर्धा तास कशातच नसतं. वर्गात जोड्या लावायचे पत्ते आहेत, त्यात दरवेळी तीच दोन मुलं ढीग जिंकायची आणि बाकीची हळूहळू भिंतीकडे सरकायची. त्याआधी एका कंपनीचे रंग आणि आकारांचे पत्ते विकत घेतले होते. ताईने पत्ता दाखवायचा, मुलाने नाव सांगायचं. ज्याला येत होतं तो ओरडायचा, ज्याला येत नव्हतं तो त्याच्या तोंडाकडे बघायचा. ज्याच्यासाठी पत्ते आणले होते त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नव्हते.

या खेळाने ते चित्र बदललं, आणि माझ्या मते त्याचं श्रेय उघड्या पत्त्यांना आहे. पत्ते झाकलेले असते तर मुलांनी आपापला पत्ता टाकला असता आणि गप्प बसली असती. उघडे असल्यामुळे ती एकमेकांचे पत्ते बघतात. “तुझ्याकडे पिवळा आहे ना? मग तू थांब, मी आधी ह्याला नेतो.” पाच वर्षांचं मूल दुसऱ्याच्या पाळीचा विचार करून आपली पाळी खेळतंय, हे मी आमच्या सतरंजीवर पाहिलंय. माझ्या वर्गात आजवर आलेल्या दुसऱ्या कुठल्या साधनाने मुलांना इतकं आपसात बोलतं केलं नाही.

एक प्रसंग सांगते. मुलीचं खरं नाव लिहीत नाही, चिमणी म्हणते. साडेचार वर्षांची, हळवी. एक पिल्लू वाटेत मागे राहिलं होतं, सूर्याला थोडीच घरं उरली होती आणि चिमणीने उचललेला पत्ता सूर्याचा निघाला. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि तो पत्ता हळूच मांडीखाली सरकवला. मला दिसलं होतं, मी काही बोलले नाही. शेजारच्या मुलालाही दिसलं. तो म्हणाला, “ताई, हिने सूर्य लपवला.” तिचे डोळे भरून आले. “मग तो मागचा घरी कसा जाईल?” तिने पत्ता स्वतःसाठी लपवलाच नव्हता. त्या मुलाने खाली आपल्या पत्त्यांकडे पाहिलं, जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “माझ्याकडे जांभळा आहे. तू सूर्य टाक, मी नेतो त्याला.” चिमणीने मांडीखालून पत्ता काढला. त्याचा कोपरा दुमडला होता. तो अंगठ्याने दाबून सरळ केला आणि मग पटावर ठेवला. तो डाव आम्ही हरलो, पिल्लू घरट्याच्या दोन घरं अलीकडे राहिलं. चौघंही त्याच्याकडे बघत बसली होती. कुणी कुणाला बोललं नाही, कुणी रडलं नाही. “परत मांडा ना ताई,” एवढंच.

दुसरा मुलगा जूनपासून वर्गात जवळजवळ मुका होता. घरची भाषा हिंदी. त्याला सगळं समजायचं, पण तोंड उघडायचा नाही. या खेळात न बोलताही सांगता येतं, पत्त्यावर बोट ठेवलं की झालं. दीड महिना त्याने बोटानेच खेळ केला, आणि इतर मुलं त्याचं बोट बघून “हां, बरोबर” म्हणायची. जानेवारीत एक दिवस अचानक म्हणाला, “मागचा ने. मागचा.” सगळ्यात मागे राहिलेलं पिल्लू आधी पुढे आणायचं, हे त्याने कधीच ओळखलेलं होतं.

वरून उडायचा तो नियम तर फार सुंदर आहे. पिल्लं जवळजवळ ठेवली तर एकाच रंगाच्या पत्त्यावर लांबची उडी मिळते. मुद्दाम सांगितलं नाही तरी मुलांना हे दोन-तीन आठवड्यांत उमगतं. आमच्यात मोठ्या गटातल्या एका मुलीला उमगलं आणि तिने त्याला ‘खांद्यावरून उडी’ असं नाव दिलं. आता सगळा वर्ग तेच म्हणतो.

याने शिकायला काय मिळतं, ते नीट सांगते, कारण असा खेळ घेताना पालक पहिला प्रश्न हाच विचारतात. रंग मिळतात, हे उघडच आहे. नारिंगी आणि जांभळा हे दोन शब्द माझ्या वर्गात याच खेळाने पक्के झाले. मागचा, पुढचा, मधला, आधी, नंतर, अजून, शेवटचा हे शब्द तोंडी बसतात, आणि पुढे गणितात हेच शब्द लागतात. आपल्या पाळीची वाट बघता येते. तीनातून एक निवडायचं आणि का निवडलं ते सांगायचं, याचा सराव होतो. मोजणी मात्र यात फारशी नाही, आणि अंक, अक्षरं तर मुळीच नाहीत. ती हवी असतील तर हा खेळ घेऊ नका. मी थोडी मोजणी स्वतःहून आणली. सूर्य सरकला की सगळ्यांनी मिळून “आता किती उरली?” म्हणून पट्टीवरची उरलेली घरं मोजायची. लहान गट बोटाने मोजतो, मोठ्या गटाला आता नुसतं बघून कळतं.

चौघांच्या खेळात १४ मुलं कशी बसवायची, हे मलाही सुरुवातीला जमलं नव्हतं. आता दोघादोघांच्या चार जोड्या बसतात, जोडीला मिळून ३ पत्ते, आणि तोवर उरलेली सहा जणं मातीकाम करतात. जोडीमुळे बोलणं आणखी वाढतं.

मोठ्या माणसाने गप्प बसायला शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात मीच “तो हिरवा टाक बरं” म्हणत होते आणि मुलं पत्त्यांकडे बघायच्या ऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. मग मी हात मागे बांधून बसायला लागले. मुलांतही एखादा सगळ्यांचे डाव आपणच खेळणारा असतो. त्यासाठी आम्ही एक नियम केला: सुचवायचं कुणीही, पण पत्त्याला हात ज्याचा त्यानेच लावायचा. हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

आता घुबडाविषयी. खोक्यावरचं चित्र पाहून एका मुलीच्या आजी न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, घुबड कशाला पोरांच्या हातात देता?” त्यांचं बोलणं मी वावगं मानत नाही, आपल्याकडे ते घराघरांत शिरलेलं आहे. मी त्यांना म्हटलं, “आजी, लक्ष्मीच्या पायाशी बसणारा तो हाच ना? आणि हे आपले पिंगळे आहेत, वडावर बसतात ते.” त्या दिवसापासून वर्गात ‘पिंगळा’ हाच शब्द ठेवला. पिंगळा मुलांनी पाहिलेला असतो, निदान संध्याकाळी त्याचा आवाज तरी ऐकलेला असतो.

सूर्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. रोज सकाळी सूर्याला नमस्कार करणारी मुलं, आणि खेळात सूर्य उगवला की आपण हरतो. एकाने विचारलंच, “सूर्य वाईट आहे का?” मग रात्री जागणाऱ्या प्राण्यांवर आमचे दोन दिवस गेले. वटवाघूळ, काजवा, मांजर, रात्रपाळीला जाणारे बाबा. मी त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता, संपला असं जग धरून चाललं होतं. १९९७ मध्ये आपल्याच आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा सापडला. आणि तो दिवसाही शिकार करतो. “मग त्याला सूर्य चालतो!” असं ओरडून एका मुलाने एक पिल्लू रानपिंगळा ठरवून टाकलं. ते सूर्य उगवल्यावरही घरी जाऊ शकतं, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. मूळ खेळात हा नियम नाही, पण मुलांनी तो कारणासकट केला म्हणून मी ठेवला.

आणखी एक गोष्ट, जी मला अपेक्षित नव्हती. एक मुलगा रंगांची नावं बरोबर सांगायचा, पण लाल पत्ता टाकून पिल्लू हिरव्या घरावर न्यायचा. पुन्हा पुन्हा तेच. आधी वाटलं लक्ष नाही. महिनाभराने त्याच्या आईला बोलावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला सांगितलं. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बराच जास्त आढळतो, पण चौथ्या वर्षी तो लक्षात येणं कठीण, कारण सफरचंद लाल असतं हे मूल ऐकून शिकतं. खेळात पत्ता घराशी जुळवावा लागतो म्हणून ते उघडं पडलं. त्याच्यासाठी प्रत्येक रंगाला मी एक खूण दिली. लालला टिकली, हिरव्याला पान, निळ्याला लाट. खुणा आल्यावर तो सगळ्यांच्या बरोबरीने खेळतो.

असे मिळून जिंकायचे खेळ नवे नाहीत. जर्मनीच्या हाबा कंपनीचा ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग, १९८६ सालचा. त्याची छोट्यांसाठीची आवृत्ती २००९ मध्ये आली. त्यात फासा टाकून कावळा यायच्या आत फळं गोळा करायची. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तो बरा, कारण त्यात निवडायचं फार थोडं असतं. चारच्या पुढे मात्र निवड हवी, आणि ती पत्त्यांत मिळते.

बाहेरून मागवलेला खोका आपल्याकडे स्वस्त पडत नाही. एका घराने एक मूल खेळवायला घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. तीन-चार घरांनी मिळून घेतला तर नक्की घ्यावा, किंवा सोसायटीच्या वाचनालयाने. बालवाडीवाल्या माझ्या मैत्रिणींना मात्र मी वेगळं सांगेन. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊन मुलांना शिकवलं. त्या वाटेवरच्या आपण आहोत, साधन हाताने करायला आपल्याला अडचण नाही.

मी जुन्या लग्नपत्रिका कापून ५० पत्ते केले. त्यावर घोटीव कागदाचे रंग आणि वर सांगितलेल्या खुणा. वाट पुठ्ठ्यावर काढली, चित्रं आमची आमची, मधलं घरटं मुलांनी सुतळीचं चिकटवलं. पिंगळे म्हणजे रंगवलेले चिंचोके, त्यांना मुलांनी डोळे काढले. एक संच करायला दोन दुपारी गेल्या. असे तीन केले आणि मेच्या सुट्टीत तीन घरी पाठवलेत. नियम कागदावर लिहून दिले नाहीत, मुलांनाच घरी सांगायला सांगितलं.

लग्नपत्रिकांचे पत्ते जाड होतात, पिसताना छोट्या हातांतून सांडतात. पुढचा संच करताना ते थोडे लहान कापणार आहे, आणि कोपरे गोल करणार आहे.