योनीतलं इस्ट्रोजेन की सगळ्या शरीरासाठी हार्मोन?

रजोनिवृत्तीनंतर शरीरसंबंधाच्या वेळी दुखू लागलं की बहुतेक जणी गप्प बसतात. वयच झालं, असं स्वतःला समजावतात. हे मला फार खटकतं, कारण या दुखण्यावर उपाय आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटल्यामुळे योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. दुखण्याचं मूळ तिथे आहे.

त्रास एवढाच असेल, तर योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मला पहिली निवड वाटते. ते क्रीम, गोळी किंवा रिंगच्या रूपात मिळतं. रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर जपणारं हार्मोन) सहसा लागत नाही. वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्गही कमी होतो. मात्र फरक जाणवायला काही आठवडे लागतात, आणि बंद केलं की कोरडेपणा परततो.

अंगातून वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप हेही असेल, तर सगळ्या शरीरासाठीचं हार्मोन, म्हणजे पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, त्वचेवरचा पॅच किंवा जेल, जास्त उपयोगी. (नीट झोप नसेल तर जवळीक कुठून सुचणार!) गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन जोडावंच लागतं, नाहीतर त्याच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळ्यांपेक्षा पॅचमध्ये कमी. साठीच्या आत सुरुवात केलेली बरी.

स्तनांचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर दोन्हींपैकी काहीही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

इच्छाच मावळली असेल, तर यांपैकी एकाचाही भरवसा देता येत नाही.