अकरावी कॉमर्स: गणित की एसपी?

दहावीला गणितात काठावर पास झालेली मुलं कॉमर्सच्या फॉर्मवर डोळे झाकून एसपी लिहितात. एसपी म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, मराठी माध्यमात चिटणिसाची कार्यपद्धती. गणिताऐवजी हा विषय घेता येतो आणि पुष्कळांना तोच मानवतो. पण भाचीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही दोन्हींची बारावीची पुस्तकं शेजारी ठेवून चाळली, आणि माझं मत बदललं.

कॉमर्सचं गणित म्हणजे शाळेतलं गणित नव्हे. 'प्रमेय सिद्ध करा' हा प्रकार इथे नाही. बारावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात कमिशन, विमा, निर्देशांक, रिग्रेशन, असाइनमेंट प्रॉब्लेम. चार कामगार, चार कामं. कुणाला कोणतं दिलं तर खर्च सगळ्यात कमी? प्रत्येक ओळीतला लहानात लहान आकडा त्या ओळीतून वजा करायचा, मग उभ्या रकान्यांत तेच, मग सगळी शून्यं कमीत कमी रेघांनी झाकायची. भूमितीला घाबरणाऱ्या भाचीने पहिलंच उदाहरण न अडखळता सोडवलं.

पहिला भाग मात्र अवघड. मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. ज्यांचं बीजगणित कच्चं आहे, अपूर्णांक आणि अधिक-उणे चिन्हं सतत चुकतात, त्यांची इथे खरी दमछाक होते. अशांनी रोज तासभर सराव करायची तयारी नसेल तर गणित घेऊ नये.

एसपीत शेअर्स, डिबेंचर्स (कंपनीचे कर्जरोखे), ठेवी, लाभांश, शेअर बाजार, शिवाय कंपनीच्या सभासदांना लिहायची पत्रं. मुद्देसूद लिहिणाऱ्याला गुण मिळतात. लिहायचाच कंटाळा असेल तर हा विषयही सोपा नाही.

खरा फरक बारावीनंतर पडतो, आणि त्याबद्दल प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बारावीच्या गणिताची अट नाही. पण त्याचा तिसरा पेपर १०० गुणांचा: ४० गणिताचे, २० लॉजिकल रीझनिंगचे, ४० स्टॅटिस्टिक्सचे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. एसपीवाल्यांना यातलं बरंचसं तिथेच पहिल्यांदा भेटतं, तेही घाईत. दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. सीए किंवा इकॉनॉमिक्स मनात असेल तर भीती वाटली तरी गणितच घ्या, असं मी सांगेन. सीएस (कंपनी सेक्रेटरी) करायचं असेल तर एसपीने पाया तयार होतो. वकिलीकडे जाणाऱ्यानेही खुशाल एसपी घ्यावं.

भाचीने गणित घेतलं. शिकवणी लावली ती फक्त पहिल्या भागाची. दुसरा भाग ती घरीच सोडवते.