'नवे' इंजेक्टर, जुनेच नंबर

पिकअपला सात-आठ वर्षं झाली असतील आणि इंजिन कॉमन रेलचं (जबर दाबाच्या एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या सिलिंडरना डिझेल देणारं) असेल, तर पाच मिनिटं काढून हे वाचा. चार नवे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नग) आणि पंपाचं काम म्हणून माझ्याकडून ८२,००० रुपये घेतले. इंजेक्टर माझेच होते. धुऊन, चकाचक करून परत बसवलेले.

तक्रार साधी होती. सकाळी सेल्फ लांब मारावा लागायचा, मध्येच मिसिंग. वाशीला टोमॅटो उतरवून माळशेज चढताना रिकामी गाडीसुद्धा ओढेना. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं फिल्टर काढला, त्यातलं डिझेल वाटीत ओतलं आणि मोबाईलची बॅटरी धरली. तळाशी चमचम. "शेठ, पंपानं कीस सोडलाय. चारी इंजेक्टर गेले. असंच पळवलंत तर इंजिनच खोलावं लागंल."

यातली भीती खोटी नाही, म्हणून माणूस गप्प होतो. रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. पंप खरंच झिजला तर त्याचा धातूचा बारीक कीस डिझेलबरोबर नोझलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरच्या तोंडापर्यंत जातो आणि सगळ्याची वाट लावतो. फक्त वाटीतला कीस माझ्या पंपाचा नव्हता. जुने नग मागितले तर गोणपाटात गुंडाळलेले, काळेकुट्ट चार इंजेक्टर हातात दिले. तेही दुसऱ्याच गाडीचे निघाले.

थोड्याच दिवसांत दुखणं परत सुरू. या वेळी गाडी नेली नोझल-पंपाचंच काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे. त्यानं काहीही न खोलता आधी स्कॅनर लावला. माझ्या इंजिनाला प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो, आणि नवा इंजेक्टर बसवला की तो कोड स्कॅनरनं गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. प्रत्येक नगाची डिझेल सोडायची मात्रा किंचित वेगळी, ती इंजिनाला कळावी म्हणून. त्यानं ईसीयूतले चार कोड कागदावर उतरवले, बॅटरी घेऊन बॉनेटमध्ये वाकला आणि डोक्यांवरचे वाचून दाखवले. चारीच्या चारी तेच. गाडी कंपनीतून आली तेव्हापासूनचे.

मग चारी इंजेक्टरच्या रिटर्नला (जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीला) छोट्या बाटल्या लावून इंजिन चालू ठेवलं. जो नग खराब असतो त्याची बाटली भराभर भरते. माझ्या चारीत डिझेल जवळपास एकाच पातळीला, म्हणजे नग ठणठणीत. शेवटी फिल्टरनंतरच्या लाईनला पारदर्शक पाईप जोडला, तर आत बुडबुडे पळताना दिसले. फिल्टरकडे येणारा रबरी पाईप क्लिपखाली चिरला होता. गाडी तिथून हवा घेत होती, आणि रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरायचं. पाईप आणि दोन क्लिपा, काही शे रुपयांत गाडी ठीक. पंपाला त्यानं बोटही लावलं नाही.

तेव्हा इंजेक्टर काढायच्या आधी डोक्यावरच्या कोडचे फोटो काढा, बसवल्यावर परत काढा. फिल्टर पांढऱ्या कापडावर, तुमच्यासमोर उघडायला सांगा. वाटी कुठून आली ते कोण बघतं? आणि बाटल्यांची चाचणी करायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी उचला. इंजेक्टर चाचणीच्या बेंचवर लावून दुरुस्तही होतात, बदलायलाच हवेत असं नाही.

मला मिळालेलं बिल कच्चं होतं, जीएसटी नंबर नाही. पैसे मात्र यूपीआयनं गेलेत, आणि कारागिरानं कोडसकट सहीचं पत्र दिलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली. वकिलांचा पहिला प्रश्न होता, "गाडी स्वतः चालवता की ड्रायव्हर ठेवलाय?" धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यापुरतं केलेलं काम या नियमातून वगळलंय, म्हणजे ते कायद्यात बसतं. मी स्वतःच चालवतो. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.

नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला. "दादा, निम्मे घ्या आन् मिटवा." तेवढं लेखी द्या म्हटलं, तर फोन कट. आता अर्ज तयार होतोय.