निकॉन २००-५०० एफ ५.६ : मोटरसायकल रेसिंगचा एक अख्खा सीझन वापरल्यानंतर

मोटरसायकल रेसिंगचे फोटो काढायला निकॉनची २००-५०० ही दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यावी का, असं गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर आधीच देऊन टाकते. वळणावर उभं राहणार असाल तर जरूर घ्या. सरळ पट्ट्याच्या टोकाला, समोरून अंगावर येणाऱ्या आणि ब्रेक मारणाऱ्या गाड्या टिपायच्या असतील तर या लेन्सवर भिस्त ठेवू नका. सीझनभर वापरून माझं हे मत पक्कं झालंय.

माझा मावसभाऊ कोल्हापूरचा. राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंग चॅम्पियनशिपमध्ये प्रो-स्टॉक १६५ सीसी गटात उतरतो. त्याला फोटो भिंतीवर लावायला नको असतात. वळणात डोकं कुठे होतं, आतला कोपर वाकला होता का, ढुंगण सीटवरून पुरेसं सरकलं होतं का, हे त्याला बघायचं असतं. "ताई, चाक नको, माझा खांदा दाखव," हे त्याचं पहिलं वाक्य असतं. त्यामुळे नुसता वेग दाखवणारा फोटो माझ्या कामाचा नाही. रायडरचं शरीर स्पष्ट हवं, आणि गाडी तर पळताना दिसली पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. लेन्सची खरी परीक्षा तिथेच झाली.

कॅमेरा निकॉनचा डी५००. लेन्स २०१५ ची, कॅमेरा २०१६ चा, दोन्ही सेकंडहँड. डी५०० चा सेन्सर लहान असल्यामुळे ५०० मिमीला (आकडा जेवढा मोठा तेवढं दृश्य जवळ) ते फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ७५० एवढं जवळ येतं. सुरुवातीला याचं फार अप्रूप वाटतं. ट्रॅकवर गेल्यावर हिशेब कळतो. ४० मीटर अंतरावर ५०० मिमीला चौकटीची रुंदी जेमतेम १.९ मीटर भरते. आडवी जाणारी रेसिंग बाइक साधारण २ मीटर लांब. म्हणजे अख्खी गाडी चौकटीत मावतच नाही! ३०० मिमीवर तीच चौकट ३ मीटरच्या थोडी वर जाते, पुढे जागा सोडता येते. माझे आवडते बहुतेक फोटो २८० ते ४०० च्या दरम्यान निघालेत. ५०० चं टोक मी राखून ठेवते ते वळणातून माझ्याकडे तोंड करून बाहेर पडणाऱ्या रायडरसाठी, हेल्मेट आणि हँडलबारपुरत्या चौकटीसाठी.

आता ट्रॅकबद्दल. चेन्नईहून श्रीपेरंबुदूरकडे जाताना इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, पण पॅडॉकमधल्या (संघ आणि गाड्या थांबतात त्या आवारातल्या) जुन्या लोकांच्या तोंडी अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) आहे. १९९० मध्ये तो सुरू झाला. त्याआधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. वळणांना इथे सी१, सी२ असे नंबर आहेत. सी१ भयंकर वेगवान. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो, पण फोटो मात्र सपाट येतात, कारण रायडर फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणाच्या मागे दडलेला असतो. हळू वळणांवर गुडघा बाहेर येतो, डोकं बाहेर येतं, माणूस दिसतो. माझा मुक्काम तिकडेच.

फोकसचं गणित या जागेशीच जोडलेलं आहे. समोरून ताशी १२० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. डी५०० सेकंदाला १० फ्रेम काढतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये गाडी ३.३ मीटर पुढे आलेली असते. ४० मीटरवर, ५०० मिमी, एफ ५.६ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जेवढा लहान तेवढं छिद्र मोठं) पुढून मागे स्पष्ट भाग किती? साधारण १.४ मीटर. कॅमेरा गाडीचा पुढचा ठाव आधीच ओळखून लेन्स हलवतो, आणि वेग स्थिर असेल तोवर हे छान जमतं. ब्रेकिंगला मात्र वेग एका क्षणात पडतो, कॅमेऱ्याचा अंदाज पुढे जातो आणि गाडी मागे राहते. ही लेन्स तो फरक भरून काढण्याइतकी चपळ नाही. तिच्या कितीतरी पट किमतीच्या ५०० एफ ४ लेन्सकडून ती अपेक्षा ठेवावी. वळणाच्या मध्यावर मात्र वेगही जवळपास स्थिर आणि तुमच्यापासूनचं अंतरही जवळपास तेवढंच. तिथे दहातल्या आठ-नऊ फ्रेम हेल्मेटवर नेमक्या बसतात.

सेटिंग ज्यांना हवीत त्यांच्यासाठी: एएफ-सी (गाडीमागे सतत धावणारा फोकस), ग्रुप एरिया (फोकसच्या बिंदूंचा गठ्ठा), फोकस फक्त मागच्या एएफ-ऑन बटणावर. बिंदूंचा गठ्ठा पुढच्या फेअरिंगवरच्या नंबरावर ठेवते, तिथे कॉन्ट्रास्ट भरपूर असतो आणि हेल्मेट त्याच्या मागोमाग स्पष्ट येतं. मध्येच खांब किंवा दुसरी गाडी आडवी आली तर फोकस लगेच तिकडे धावू नये म्हणून लॉक-ऑनचा प्रतिसाद ४ वर. लेन्सवरचा फोकसचा स्विच "पूर्ण" ऐवजी ६ मीटर ते अनंत या बाजूला. हा स्विच विसरू नका. फोकस सुटला की लेन्स पार जवळच्या टोकापर्यंत शोधत जाते आणि परत येईपर्यंत अख्खा घोळका निघून जातो.

आता पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, जिच्यासाठी मी ही लेन्स कुणालाही सुचवेन.

१७ इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण १.९ मीटर. ताशी १०० ला ते सेकंदाला चौदा-साडेचौदा वेळा फिरतं. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं तर तेवढ्यात चाक फक्त पाचेक अंश फिरतं, आरे जवळजवळ थिजल्यासारखे दिसतात आणि गाडी स्टँडवर लावल्यासारखी वाटते. १/२५० ला वीसेक अंश, १/१२५ ला चाळिसेक. माझी सकाळची सुरुवात १/२५० ने होते, हात बसला की १/१२५, आणि भावाला हवे तेवढे फोटो मिळाले की उरलेल्या शर्यतीत १/६०. १/६० ला बरेच फोटो वाया जातात, पण जो लागतो त्यात मागची झाडं, टायरांची भिंत, प्रायोजकांचे फलक सगळं रंगाचे पट्टे होऊन जातं आणि हेल्मेटवरचा नंबर वाचता येतो.

इथे लेन्सचा व्हीआर (हाताचा हलकेपणा सावरणारी सोय) "स्पोर्ट" मोडवर ठेवा. "नॉर्मल"वर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र पॅन सुरू करताना मला अडखळल्यासारखं वाटतं. स्पोर्टमध्ये ते हाताबरोबर सरळ वाहतं आणि सलग फ्रेम घेतानाही उडी मारत नाही. बाकी काम कमरेचं. पाय शटर जिथे दाबायचं त्या दिशेला रोवायचे, कंबर गाडी येते त्या बाजूला वळवायची आणि गाडीबरोबर सोडत आणायची. शटर दाबून झाल्यावरही थांबायचं नाही, गाडी पुढे जाईपर्यंत फिरत राहायचं. पुण्यात बालेवाडीच्या सर्व्हिस रोडवर सायकलवाल्यांवर मी हा सराव करते. स्कूटरपेक्षा सायकल अवघड, कारण माणूस वरखाली होतो.

उजेडाची अडचण कुणी आधी सांगत नाही. चेन्नईच्या भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला १/१२५ ठेवायचं तर छिद्र एफ १४-१६ पर्यंत बंद करावं लागतं. त्याने दोन गोष्टी होतात: चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात ठिपका होऊन उमटतो. उपाय म्हणजे पोलरायझर, परावर्तन कापणारा फिल्टर. दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी होतो, आयएसओ ५० ला नेलं की आणखी एक, आणि १/१२५ ला एफ ६.३-७.१ वर काम भागतं. पण या लेन्सचा फिल्टर ९५ मिमीचा. चांगला घ्यायला गेलात तर खिसा हलका होतो, तेव्हा लेन्सच्या बजेटमध्येच तो धरा. एक गंमत पाहायला मिळाली. पोलरायझर लावल्यावर काही हेल्मेटांच्या व्हायझरवर इंद्रधनुष्यी डाग उमटतात. तो व्हायझरच्या पॉलिकार्बोनेटमधला ताण असतो, एरवी डोळ्यांना न दिसणारा. फिल्टर थोडा फिरवला की डाग हटतात, आणि व्हायझर स्वच्छ काचेसारखा असेल तर परावर्तन जाऊन आतले डोळे दिसतात. एका सकाळी भावाचाच असा फोटो मिळाला. गुडघ्याचा स्लायडर डांबरावर घासतोय, गाडी पार आडवी, आणि त्याचे डोळे मात्र गाडीच्या कितीतरी पुढे, वळण संपतं तिथे. त्याच्या कोचने तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि बाकीच्या पोरांना दाखवला. बाहेर पडण्याच्या जागेकडे बघा, हे तो रोज ओरडून सांगत होता.

ट्रॅकच्या कडेला जायला आयोजकांची परवानगी आणि जाकीट लागतं. ते मिळेपर्यंत जाळीच्या अलीकडून काम करावं लागतं, आणि तेही जमतं. हुड (लेन्सच्या तोंडावरचं झाकणासारखं कडं) जाळीला जवळपास टेकवायचं, छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, झूम ४०० च्या पुढे. तारा दिसेनाशा होतात. फक्त ऊन पडलेली चकचकीत तार टाळा, सावलीतला भाग शोधा, नाहीतर सगळ्या फोटोवर पांढुरकी साय येते. जाळीतून पॅनिंग करू नका, कॉन्ट्रास्ट मरतो.

साडेदहा-अकरानंतर डांबरावरची हवा उकळायला लागते. शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडून काढलेला फोटो मोठा करून पाहिला की नंबरांच्या कडा वितळलेल्या दिसतात. लेन्सला दोष देऊन फोकस कॅलिब्रेट करत बसणारे लोक मी पाहिलेत. लेन्स बरोबर असते. जवळ जा किंवा सकाळचं सत्र गाठा. दुसरी गोष्ट दमटपणाची: हॉटेलच्या एसीतून बॅग थेट बाहेर आणली की पुढच्या काचेवर वाफ धरते आणि उतरायला वेळ लागतो. बॅग पहाटेच खोलीबाहेर काढून, बंदच ठेवून, हवेशी जुळू द्यावी.

कोइम्बतूरजवळ चेट्टिपालयमचा करी मोटर स्पीडवे वेगळा आहे. एस. करिवर्धन यांच्या नावाचा, जेमतेम २.१ किलोमीटरचा. अंतरं कमी, त्यामुळे तिथे २०० मिमीसुद्धा काही ठिकाणी जास्त होतं. फक्त करीला जाणाऱ्यांनी ७०-२०० घ्यावी, ही नको.

वजन: कॉलरसकट (लेन्स स्टँडवर बसवायची कडी) २.३ किलो, कॅमेरा धरून सव्वातीनच्या आसपास. झूम करताना नळी पुढे येते आणि तोल पुढे जातो. २०० पासून ५०० पर्यंत जायला रिंग एवढी फिरवावी लागते की मनगट दोनदा बदलावं लागतं, विहिरीवरचा रहाट फिरवल्यासारखं. गाडी जवळ येत असताना झूम मागे घेणं म्हणूनच विसरा. एक लांबी ठरवा आणि त्यावरच राहा. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्याच. कॉलरचा पाय आर्का पद्धतीचा (स्टँडवर थेट सरकवून बसणारा) नाही, खाली प्लेट बसवावी लागते.

थोडं विषय सोडून, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या त्याच ट्रॅकवर शर्यतीत पडून १३ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. पिवळा झेंडा हलला आणि समोर कुणी पडलेलं असलं की मी कॅमेरा खाली घेते. ५०० मिमीतून पडलेल्या पोराचा चेहरा फार जवळ दिसतो, आणि त्याची आई पॅडॉकमध्ये असते. मावशीला मी तिथे उभी असलेली पाहिलंय. फोटोग्राफरांनी स्वतःलाही जपावं. गाड्या येतात त्या दिशेला पाठ करायची नाही, आणि मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा) जिथे उभा राहत नाही तिथे आपणही नाही, मग कोन कितीही सुंदर असो.

पर्याय विचारणाऱ्यांसाठी: निकॉनच्या झेड (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यावर असाल तर झेड १८०-६०० बघा. २०२३ ला आली, झूम करताना लांबी बदलत नाही आणि रिंग फक्त ७० अंश फिरते. रेसिंगमध्ये या एका गोष्टीचं मोल फार आहे. टोकाला एफ ६.३ होतं, ते चालतं. ती डी५०० वर बसत नाही. २००-५०० मात्र एफटीझेड अडॅप्टर लावून झेडवर चालते. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी वजनाला हलकी, पण टोकाला तीही एफ ६.३, आणि डीएसएलआरच्या फोकसला हा थोडासा उजेडसुद्धा जाणवतो. २००-५०० सगळीकडे एफ ५.६ राहते, म्हणून झूम बदलला तरी एक्स्पोजर हलत नाही. मॅन्युअल मोडवर पॅनिंग करणाऱ्याला हा मोठा आराम आहे.

सेकंडहँड घेताना या गोष्टी पाहा. झूम २०० ते ५०० सलग, खरखर न होता फिरतो का. लेन्स खाली तोंड करून धरली तर नळी आपोआप किती घसरते (२०० ला लॉक आहे, तो चालतो का तेही). टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का. समुद्राकाठच्या शहरातून आलेली असेल तर हे आधी. ५०० ला, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, रस्त्यावरून येणाऱ्या गाडीच्या नंबरप्लेटवर सलग बर्स्ट घ्या आणि तिथेच मोठे करून पाहा. व्हीआर चालू-बंद करून कान लावा, हलकी घरघर असते ती ठीक, टकटक असेल तर सोडून द्या. हुड आणि कॉलर सोबत मागून घ्या, नंतर वेगळे घ्यायला महाग पडतात.