अल्प्राझोलाम ०.५: बरीच वर्षं घेतल्यावर आणि गेले काही महिने कमी करत आणताना

माझं वय ७३. यजमान गेल्यावर झोप पार उडाली, तेव्हा घराजवळच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली. पहिल्या काही आठवड्यांपुरतं विचाराल तर औषध उत्तम. तासाभरात डोळे मिटायचे. त्या दिवसांत मला तिची गरज होती, हे मी आजही म्हणेन.

ती कधी थांबवायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही. चिठ्ठीवर दर वेळी ‘चालू ठेवा’. गोळ्यांच्या डबीत रात्रीच्या खणात बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि ही, अशा तिन्ही शेजारी शेजारी. एकाच खणात असल्या की सगळ्याच जन्माच्या वाटतात. सकाळी बागेत भेटणाऱ्या आमच्या वयाच्या बायकांचंही हेच. कुणी हिला ‘नसांची गोळी’ म्हणतं, कुणी ‘टेन्शनची’. एकीला तर ती बीपीचीच वाटत होती. झोपेची गोळी घेता का विचारलं की ठाम ‘नाही’, आणि पर्समधून पाकीट काढलं तर त्यावर अल्प्राझोलामच. इशारा लाल चौकटीत छापलेला असतो खरा, पण इंग्रजीत, आणि इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही लागत नाही. २०१४ पासून हे औषध एच-१ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी बघून वहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव नि किती गोळ्या दिल्या ते लिहायचं असतं. आमच्याकडे तीच जुनी चिठ्ठी कितीदा तरी चालली.

सगळ्यात मोठा घोळ पुढे आहे. गावाला जाताना गोळ्या घरी राहिल्या, की रात्रभर छातीत धडधड, घाम, हात थरथरणं. आम्ही सगळ्याजणी याचा अर्थ एकच लावायचो: बघा, गोळीशिवाय आपल्याला झोप नाहीच! शरीराला सवय लागली की अचानक बंद केल्यावर असं होतं, तो मूळचा आजार नव्हे, हे मला नव्या डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून सांगितलं. रात्री बाथरूमला उठताना माझा तोल गेला म्हणून मुलगी मला त्यांच्याकडे घेऊन गेली होती. तरुण माणसाच्या रक्तातली या औषधाची पातळी साधारण ११ तासांत निम्म्यावर येते, आमच्या वयात १६ तास लागतात. सकाळी नऊ-दहापर्यंत डोकं जड का असायचं, ते तेव्हा कळलं. सर्दीची झोप आणणारी गोळी सोबत घेतली तर गुंगी आणखी वाढते, हेही.

त्यांनी एकदम बंद करायला सक्त मनाई केली. बरीच वर्षं घेणाऱ्याने असं केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. ०.५ ऐवजी ०.२५ च्या दोन लिहून दिल्या, मग दीड, मग एक. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे, कधी जास्तच. कटरने गोळी अर्धी करताना कडा ठिसूळपणे तुटते, चुरा उडतो, म्हणून मी ताटलीत धरून कापते. पायरी उतरल्यावर पहिले काही दिवस वाईट जातात: विचित्र स्वप्नं, उगाच चिडचिड. मग स्थिरावतं. दीडवरून एकवर येणं मला सर्वांत जड गेलं, तिथे आम्ही बराच काळ थांबलो.

मुलीने कॅनडातल्या क्यूबेकमधला २०१४ चा एक अभ्यास वाचून दाखवला. ६५ च्या पुढच्या, अशा गोळ्या घेणाऱ्या लोकांना फक्त सोप्या भाषेतली माहितीपुस्तिका दिली. सहा महिन्यांत त्यांतल्या २७ टक्क्यांनी गोळी सोडली. ज्यांना पुस्तिका दिली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे म्हाताऱ्यांना समजत नाही असं नाही हो, त्यांना कुणी सांगत नाही!

सध्या मी अर्ध्यावर आहे, म्हणजे ०.१२५. झोप पूर्वीपेक्षा तुटक आहे, पहाटे चारला जाग येते. पण उठल्यावर डोकं मोकळं असतं आणि जिना धरून उतरावा लागत नाही. अल्पकाळासाठी कुणाला दिली तर मी नाही म्हणणार नाही. फक्त चिठ्ठी हातात घेतानाच विचारा, ‘ही किती दिवस? आणि बंद कशी करायची?’ घरात कुणी आधीपासून घेत असेल तर डबी काढून घेऊ नका, त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा.