राजवाडा आज बंद आहे, असे सांगणारा माणूस

बँकॉकमध्ये आमच्या दाजींची नीलम खरेदीत जी फसवणूक झाली, ती त्यांच्या संमतीने येथे सविस्तर लिहीत आहे. दाजी मूळचे विट्याचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदीच्या गलाईचा, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याचा, व्यवसाय चालत आला आहे. त्यामुळे ‘दागिन्यांतले काही कळत नसेल, म्हणून फसले’ अशी समजूत सांगली-मिरजेकडून थायलंडला निघालेल्या कोणीही करून घेऊ नये.

सहलीतल्या मोकळ्या दिवशी ताई, दाजी आणि मी ग्रँड पॅलेस हा १७८२ पासूनचा राजवाडा पाहायला आपापले निघालो होतो. तटबंदीच्या बाहेर, तिकीटखिडकीपासून बऱ्याच अंतरावर, एका नीटनेटक्या गृहस्थाने आम्हाला थांबवले आणि आज धार्मिक विधी असल्यामुळे राजवाडा दुपारनंतरच उघडणार असल्याचे सांगितले. तोपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याने आमच्या नकाशावर दोन-तीन देवळांवर खुणा केल्या आणि एक टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, थांबवून तिच्या चालकाला वीस बाटांत (बाट हे तेथील चलन) आम्हाला फिरवून आणण्यास बजावले. स्वतःसाठी त्याने काहीही मागितले नाही. प्रत्यक्षात हा राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीनपर्यंत पर्यटकांसाठी खुला असतो. राजघराण्याच्या एखाद्या समारंभामुळे तो बंद असलाच, तर ते प्रवेशद्वारावरच्या गणवेशातील कर्मचाऱ्याकडून कळते, पदपथावरच्या माणसाकडून नव्हे. वीस बाटांत तिघांना शहरभर फिरवणे कोणत्याही टुकटुकवाल्याला परवडत नाही. त्याची कमाई दुकानाकडून मिळणाऱ्या पेट्रोलच्या कुपनांतून आणि विक्रीवरच्या दलालीतून होते.

पहिल्या देवळात फारशी वर्दळ नव्हती. तेथे दर्शनाला आलेला एक मनुष्य सहज बोलू लागला, कोठून आलात म्हणून विचारले, मुलाबाळांची चौकशी केली आणि बोलता बोलता सांगितले की, रत्नांच्या एका दुकानातल्या सरकारी करमाफी विक्रीचा आज शेवटचा दिवस असून त्याने स्वतः येथून नेलेले खडे परदेशात दुप्पट भावाने विकले आहेत. तुम्ही घ्याच, असा आग्रह त्याने मुळीच धरला नाही. नंतर टुकटुकवाल्यानेही, आपण विचारले म्हणून सांगतो अशा सुरात, त्याच दुकानाचे नाव घेतले.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहिलेला माणूस एकट्या अडत्याच्या शब्दावर विसंबत नाही. आणखी दोन ठिकाणी विचारतो आणि मगच भावाचा अंदाज बांधतो. दाजींनीही तेच केले. फरक एवढाच की, विचारण्याची ती दोन ठिकाणेही त्याच लोकांनी आधीच मांडून ठेवलेली होती. पदपथावरचा गृहस्थ, देवळातला मनुष्य आणि टुकटुकवाला या तिघांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नव्हता, टुकटुकचे वीस बाट सोडले तर तिघांपैकी कोणीही आमच्याकडून पैसे घेत नव्हते, आणि म्हणूनच तिघांचे म्हणणे जुळते ही गोष्ट आम्हाला पुराव्यासारखी वाटली. थायलंडचे सरकार असे रत्नांचे दुकान चालवत नाही आणि करमाफीची अशी विक्रीही तेथे नसते, ही माहिती त्या सबंध सकाळी आम्हाला द्यायला कोणी नव्हते.

दुकानात थंड सरबत आले. आम्ही भारतीय आहोत हे कळताच विक्रेत्या बाईंनी शनीचा विषय काढला. माझ्या भाचीला ज्योतिषांनी नीलम घालण्यास सांगितलेलेच होते, त्यामुळे गोष्ट लवकर जमली. किंमत रुपयांत सव्वा लाखाच्या घरात गेली. कार्डाच्या यंत्रावर बाट आणि रुपये असे दोन पर्याय आले, तेव्हा बाईंनी रुपयांवर बोट ठेवले. असा पर्याय निवडला की चलनाचा दर आपली बँक न ठरवता यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. परदेशात नेहमी तेथील चलनच निवडावे. त्यानंतर खडा बंद पाकिटात भारतात टपालाने पाठवण्याची सोय त्यांनी विनामूल्य देऊ केली. कारण चोरीच्या भीतीचे सांगितले. तो खडा दुसऱ्या दिवशी बँकॉकमधल्याच एखाद्या जाणकाराला दाखवता येऊ नये, हा खरा हेतू.

पार्सल आल्यावर सांगलीच्या सराफ बाजारातील परिचितांनी भिंगाखाली पाहून सांगितले की खडा खरा आहे, पण रंगाने फिकट, आतून ढगाळ आणि उष्णतेची प्रक्रिया केलेला आहे. येथे त्याला मागितलेल्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकाही भाव येणार नाही. खडा काचेचा निघाला असता, तर तक्रार सोपी झाली असती. सोबतच्या प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक नीलम’ एवढेच लिहिलेले आहे आणि ते खोटे नाही. दर्जा आणि किंमत यांविषयी त्यात एक अक्षरही नाही. सोने कसोटीवर आणि आगीत स्वतःची शुद्धता सांगते. खड्याचा भाव मात्र रंग, पारदर्शकता आणि प्रक्रिया पाहणाऱ्या तज्ज्ञाच्या डोळ्यांवर ठरतो, त्यामुळे दाजींचा अनुभव तेथे उपयोगी पडला नाही.

पिन स्वतः टाकलेला आणि माल पोहोचलेला असल्यामुळे बँकेने रक्कम परत मिळवून देण्यास नकार दिला. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत. त्यांचा क्रमांक ११५५ असून तेथे इंग्रजीत बोलता येते. मात्र पावती आणि माल हातात असताना, परतीच्या विमानापूर्वीच तक्रार झाली, तर दुकानदारावर काही दबाव येऊ शकतो. आम्हाला शंका आली, ती सांगलीत पार्सल उघडल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे कार्डाचा परदेशातील वापर ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येतो आणि व्यवहाराची कमाल रक्कमही ठरवता येते. दाजींनी निघण्यापूर्वी वापर चालू केला होता, पण मर्यादा खात्यात होती तेवढी सगळी ठेवली होती.