१६ महिन्यांनंतर आमची सेप्टिक टाकी: माप बरोबर आलं, शोषखड्डा चुकला

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला सावंतवाडीजवळच्या गावी आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. त्यानंतर दोन पावसाळे आणि दोन चवथी (गणेश चतुर्थी) झाल्या, म्हणून आता लिहितोय. फरशी निवडायला आम्ही तीन आठवडे घातले होते, पण टाकीचा विषय निघाला तो थेट खड्डा मारायच्या दिवशी.

गवंडी म्हणाला, "सहा बाय सहाचो खड्डो मारुया, तळ उघडो ठेवया. पाणी जिरान जातला, जल्मात भरूची नाय." आमच्याकडे बरीच घरं अशीच आहेत आणि बऱ्याच घरांची विहीरही त्याच परड्यात आहे. तळ उघडा म्हणजे मैल्याचं पाणी सरळ जमिनीत. मी नाही म्हटलं. तेवढ्यात शेजारचे आबा गडग्यापलीकडून म्हणाले, "माणसां किती ता सांग आधी. आणि चवथीक किती येतत?"

खरं माप याच प्रश्नातून निघालं. घरात कायमची आम्ही चौघं, चवथीला पाच दिवस सतरा-अठरा. टाकी खोल्यांवर किंवा बांधकामाच्या चौरस फुटांवर ठरत नाही, रोज वापरणाऱ्या माणसांवर आणि किती वर्षांनी उपसणार यावर ठरते. भारतीय मानक आयएस २४७० मध्ये याचं कोष्टक आहे. पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण एक मीटर पाणी पुरतं. दहा माणसांना, दोन वर्षांनी उपसायची असेल तर, २ मीटर बाय ९० सेंटिमीटर आणि १.४ मीटर पाणी. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा वेगळी.

आम्ही दहाच्या मापापेक्षा थोडी मोठी घेतली: आतून आठ फूट बाय तीन फूट, साडेचार फूट पाणी, म्हणजे सुमारे ३००० लिटर. चौकोनी न करता लांबट केली, कारण पाणी लांब अंतर सावकाश कापतं तेव्हाच गाळ खाली बसतो. दोन हजार लिटरच्या वर गेल्यामुळे आत आडभिंत आली, तीही येणाऱ्या पाण्याकडून दोन तृतीयांशावर. चिऱ्याची भिंत पाणी पिते, त्यामुळे आतून दोन हात गिलावा केला आणि पाणी भरून दोन दिवस पातळी बघितली. आंघोळीचं नि धुण्याचं पाणी टाकीत घेतलंच नाही, ते केळींना आणि माडांना जातं. सतरा माणसांची आंघोळ टाकीत आली असती तर पाणी दोन दिवसही आत थांबलं नसतं आणि गाळ बाहेर ढकलला गेला असता.

टाकीबद्दल माझी एकही तक्रार नाही. चूक झाली ती पुढे, शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात.

तो खणला एप्रिलमध्ये. आठ फूट खोल, तळ कोरडा ठणठणीत, विहिरीपासून पस्तीस फुटांवर. जुलैत एका सकाळी संडासात पाणी ओतलं की गुडगुड आवाज येऊन ते सावकाश उतरायला लागलं. झाकण काढलं तर टाकीतलं पाणी येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला टेकलेलं. मग विहिरीत डोकावलो. उन्हाळ्यात पोहरा तीस फूट जायचा, आता पाणी जमिनीपासून पाच फुटांवर होतं. म्हणजे शोषखड्ड्याचा तळच भूजलात बुडाला होता, त्यात पाणी जिरणार कसं?

त्याहून मोठी भीती विहिरीची होती. पाणी तपासायची ती छोटी एचटूएसची बाटली आणली, भरून ठेवली. पाण्यात मैल्याचे जिवाणू असले की ती काळी पडते. सकाळी ती काळी पडलेली दिसली आणि पोटात गोळा आला, कारण आई त्याच विहिरीचं पाणी पिते. त्या दिवसापासून पाणी उकळून प्यायलो, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली आणि पाऊस उघडला त्या चार दिवसांत शोषखड्डा बंद करून दुसऱ्या बाजूला उथळ शोषचर काढला: दोन फूट खोल, चाळीस फूट लांब, खडी आणि भोकं पाडलेला पाइप, वर माती. विहिरीपासून सत्तर फूट. मानकात किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट सांगितलेत, हे मला खणण्याआधी वाचायला हवं होतं. यंदाच्या जुलैत गुडगुड नव्हती आणि बाटलीही काळी झाली नाही.

कोकणात घर बांधणाऱ्यांना मी एवढंच विनवेन की शोषखड्ड्याची जागा ठरवण्याआधी शेजारच्या विहिरीचं आषाढातलं पाणी कुठवर येतं ते विचारा. तयार प्लास्टिकची टाकी बसवणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण भूजल वर आलं की रिकामी टाकी जमिनीतून उचलली जाते. टाकीतला वायू बाहेर सोडणारा गॅसपाइप छपराच्या वर न्या. संडासात ॲसिड कमीत कमी वापरा, गाळ कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

गेल्या आठवड्यात लांब काठीला जुना पांढरा पंचा गुंडाळून टाकीत उतरवला. गाळाचा काळा डाग वीतभर चढला होता. पाण्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, म्हणजे दीड फुटावर आला की गाडी बोलवायची. माणूस आत उतरवायचा नाही: आतल्या वायूने जीव जातो, आणि सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडीचा पाइप पोचावा म्हणून झाकण बेड्याच्या (फाटकाच्या) बाजूलाच ठेवलंय. ती काठी डागाच्या जागी खूण करून गोठ्यात टांगली आहे, पुढच्या चवथीआधी पुन्हा उतरवीन.